काकांची कागदी पणजी

पुतणीच्या लग्नात, जेवणं चालू असताना, मी आमच्या खापरपणजीची गोष्ट रंगवून सांगत होतो. घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मीच घेतलंय. "दुष्काळात नवरा गेला, आणि ती दोन लेकरं बैलगाडीत घालून बिडकीनकडून इकडं आली," इथपर्यंत मी पोचलो, आणि समोरच्या रांगेतून जिलबी हातात धरून वसंतकाका उठले.

"बैलगाडीला कागद आहे का?"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. बैलगाडी मी घातली होती. चालत आली म्हटलं की ऐकणाऱ्याला जिलबी गोड लागत नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मग ती चालत आली," असं म्हणून काका खाली बसले.

वसंतकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नोकरी जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत झाली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी जगाची दोन भागांत वाटणी करून टाकली: कागदी आणि ऐकीव. आज नळ येणार असं शेजारी म्हणाले तरी काका बादली हलवत नाहीत. ऐकीव. चहात साखर घातलीय असं काकू म्हणाल्या, तेही ऐकीव. "मग चाखून बघा की," काकू म्हणतात. "चव म्हणजे माझं मत झालं," असं म्हणत काका तोच चहा पितात.

मूलबाळ नाही. सिडकोतल्या छोट्या घरात दोघंच, आणि पलंगाखाली कागदांच्या पेट्या. निजामाच्या काळातले कागद वाचायचे म्हणून काका म्हातारपणी शेजारच्या कासीमभाईंकडून उर्दू शिकले. पुढं त्या भरात किराण्याची यादीही उर्दूत लिहायचे; ती वाचायला दुकानात कासीमभाईंनाच जावं लागायचं.

हे सगळं पणजीसाठी. त्यांची पणजी, माझी खापरपणजी. गाव सोडून शहरात आलेली आमच्यातली पहिली ती. लोकांची दळणं दळून तिनं पोरं शाळेत घातली, म्हणून पुढं आमच्यात कारकून झाले, मास्तर झाले. आता माझा चुलतभाऊ इंजिनियर आहे. ती जिथून पायी आली त्याच बिडकीनला तो रोज कंपनीच्या थंडगार बसमधून कामाला जातो.

आणि तिचं नाव मात्र कुणालाच माहीत नव्हतं. शेताच्या कागदावर 'बेवा केशवराव', म्हणजे केशवरावांची विधवा. घराच्या कागदावर तेच. मुलाच्या शाळेत पालक म्हणून नुसतं 'वालिदा', आई. पैठणच्या उपाध्यांच्या वहीत केशवराव, त्यांचे वडील, आजोबा, सगळे पुरुष ओळीनं हजर. "हिच्या वेळी शाई संपली होती काय," असं काका भर दुपारी त्या गुरुजींना विचारून आले.

त्यांना नाव हवं होतं अक्षय्य तृतीयेसाठी. आमच्यात त्या दिवशी पितरांसाठी मातीच्या घागरी पाण्यानं भरतात, वर खरबूज ठेवतात, आणि ज्याची घागर त्याचं नाव घेतात. केशवरावांची घागर बिनबोभाट व्हायची. तिच्या घागरीपाशी काका दर वर्षी अडायचे. "भर उन्हाळ्यात माणसाला पाणी द्यायचं आणि हाक मारायला नाव नाही. लई वाईट दिसतं."

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. जायकवाडीचा तळ दिसत होता. शहराच्या कडेला, आमच्या सातारा परिसरातल्या नव्या इमारती टँकरवर जगत होत्या, आणि पलीकडं आणखी नव्या उठतच होत्या. अशात काकांना एका जुन्या कागदावर पणजीच्या भावाचं गाव सापडलं, दौलताबादच्या अंगाला.

"चल," काका मला म्हणाले. "गाडी चालव. बोलू नकोस."

त्या घराच्या ओसरीत एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती. भावाच्या वंशातली सून. काकांनी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढं मांडले. तिनं ते मनगटानं बाजूला सारले, हात चिकट होते म्हणून.

"केशवरावाला दिलेली ना? माझी आजेसासू लई सांगायची तिचं. नणंद व्हती तिची."

"नाव काय होतं?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला.

"नकोशी."

"म्हणजे?"

"म्हंजी काय. पोरींवर पोरी झाल्या, त्यात ही. नको व्हती, म्हून नकोशी. ठिवायचे तवा."

काका कितीतरी वेळ कागदांच्या कडा जुळवत बसले. मग म्हणाले, "दुसरं काही नाव?"

"सासरचं असंल तर सासरच्यांना इचारा."

"सासरचे आम्हीच."

"मंग मला काय इचारता, बाबा," म्हातारी म्हणाली आणि पुढची चिंच घेतली.

येताना काका खिडकीबाहेर बघत होते. मला राहवलं नाही. "काका, शेवटी नाव मिळालं की."

"ऐकीव आहे."

"पण ती बाई स्वतः सांगतीय."

"आजेसासूनं सांगितलं ते ही सांगतीय. ऐकीवाचं ऐकीव." कागद नसल्याचं समाधान मी काकांच्या तोंडावर पहिल्यांदाच बघितलं.

तृतीयेला मी आणि बायको काकांकडं गेलो. काकू ड्रममधून तांब्यानं पाणी घेऊन घागरी भरत होत्या. दुसरी घागर अर्धी झाल्यावर थांबल्या. "एवढी पुरे. भांड्यांना पाणी राहायचं नाही."

"काठोकाठ भर. भांडी उद्या."

काकूंनी भरली. केशवरावांचं नाव घेऊन झालं. दुसऱ्या घागरीवर हात ठेवून काका उभे राहिले. आता ते म्हाताऱ्या बाईनं सांगितलेलं नाव घेतात की काय, अशी मला धास्ती.

"मधुरा," काका म्हणाले. "केशवरावांची मधुरा."

निजामाच्या काळात जात्यावर बसणाऱ्या बाईचं नाव मधुरा. मी म्हटलं, "काका, ह्याला कागद?"

"संध्याकाळपर्यंत होईल. वंशावळीत लिहितोय."

काकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला होता. "ते तर आपण..." एवढंच त्या म्हणाल्या.

"हो. मुलगी झाली तर ठेवणार होतो." काका खरबूज नीट बसवत होते. "तसंच पडून होतं. वाया कशाला घालवायचं."

काकूंनी भरलेल्या घागरीत आणखी एक तांब्या ओतला. पाणी फरशीवरून वाहत दारापर्यंत गेलं. त्या उन्हाळ्यात पाणी सांडलेलं बघून कुणीच काही बोललं नाही, असं तेवढं एकदाच झालं.

घरी येताना मी बायकोला म्हणालो, "गोष्ट म्हणून ठीक आहे. पण उद्या कुणी वंशावळ वाचली तर मधुराच खरी धरेल. काकांसारख्या माणसानं असं खोटं लिहावं?"

"खोटं कुठंय," ती म्हणाली. "सुनेचं नाव सासरच्यांनी ठेवायचं असतं. तिचं तेवढं राहिलं होतं."