महाराजांच्या गाण्यातून पहिला कोण उठला, त्याची हकीगत

श्री. विघ्नहर्त्यास दंडवत, कुळस्वामिनीस दंडवत, आणि ऐकणारांच्या कानांस दोन दंडवत अधिक, कारण पुढील मजकूर कानांनीच सोसावयाचा आहे. शके सत्राशें, विलंबी नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी एका राज्यात (नाव सांगत नाही, तेथील माणसे हळवी आहेत) महाराज गादीवर सुखरूप असता त्यांस उतारवयात गाण्याची उबळ आली. आणि महाराज गाऊ लागले म्हणजे दिवेलागणीपासून जे गात ते दिव्यातले तेल संपेतो गात, आणि सभा बसली ती बसलीच. उठू नये ऐसा हुकूम नव्हता. महाराज स्वभावे फार मऊ, कोणी उठता तर रागावतेही ना. परंतु शेजारचा उठत नाही म्हणून हा उठत नसे, आणि हा उठत नाही म्हणून शेजारचा उठत नसे, ऐसी चारशे माणसे पायांस मुंग्या आणून वाहवा म्हणत बसत. मग घरी जाऊन बायकोकडून पाय चोळून घेत.

त्या दरबारी रंगोपंत म्हणून शास्त्री होते. बुद्धी तीक्ष्ण, आणि ती तीक्ष्ण आहे हे ते आपण होऊन सर्वांस सांगत. त्यांची कन्या मथू, तिचे लग्न गोरज मुहूर्तावर ठरले. पुढे सिंहस्थ लागत होता, म्हणजे हा मुहूर्त चुकला तर वर्षभर लग्न नाही. आणि वराची आई अंबूबाई, मोठी करारी बाई, तिने सुपारी फोडतेवेळीच बजाविले होते की, "वेळ टळली तर वऱ्हाड परत नेईन. सिंहस्थ उलटल्यावर पाहू, आणि तेव्हाही पाहूच." हे महाराजांच्या कानी गेले, आणि महाराज प्रेमाने बोलिले, "पंत, तुमची कन्या ती आमची. अक्षतांआधी आम्ही दोन चिजा गाऊ." पंत म्हणाले, "छे छे, महाराजांस कशाला त्रास." महाराजांस वाटले, संकोच करितो आहे. मग दोनच्या चार चिजा जाहल्या.

पंत घरी आले ते मटकन ओसरीवर बसले. मग मनाशी म्हणाले, रडून काय होणे, विचार केला पाहिजे, मनुष्य प्राणी दिसतो गुंतागुंतीचा परंतु आत साधा आहे. आणि त्यांनी कोठीतून चिंचोके आणविले, आणि चटईवर सभेप्रमाणे मांडिले, एका माणसास एक चिंचोका. मग दरबारात एकेकास गाठून पुसिले की, "किती जण उठल्यावर आपण उठाल?" फडणीस म्हणाले, "एक जरी उठला तरी मी उठलोच समजा." सेनापती म्हणाले, "लढाईत मी पहिला. येथे दोघे उठू द्या." कोणी तीन सांगितले, कोणी दहा, आणि पंतांनी ज्याने जितके सांगितले तितकी चुन्याची टिंबे त्याच्या चिंचोक्यावर दिली. मग एक चिंचोका उचलून पाहिला. तो उचलिला की एकटिंबी उचलावा लागे, मग दोनटिंबी, मग तीनटिंबी, ऐसे करिता सारी सभा पंतांच्या उपरण्यात आली. परंतु पहिला उचलिलाच नाही, तर एकही हलेना. पंत हर्षाने म्हणाले, "सापडले. एक बिनटिंबाचा पाहिजे, कोरा, जो कोणाकडे न पाहता उठेल."

पत्नी सगुणाबाई दारात उभ्या राहून पाहात होत्या. त्या बोलिल्या, "आणि तुमचा चिंचोका कुठाय यात?"

"मी यजमान. यजमान आधी उठला तर लोक काय म्हणतील?"

"बरं," बाई म्हणाल्या, "आणि खेळून झालं की कोठीत परत ठेवा. सांडगे करायचेत मला, ओसरी मोकळी लागेल."

मग कोरा मनुष्य शोधता शोधता घरातच निघाला. सगुणाबाईंचे बंधू सदोबामामा, दोन्ही कानांनी ठार बहिरे. वधूस बोहल्यावर आणण्याचा मान मामाचा. भटजींनी अंतरपाट झटकिला की मामांनी उठायचे, हे त्यांस हातवारे करून तीनदा समजाविले. ज्यास गाणे ऐकू येत नाही त्यास भीड कसली, ऐसा पंतांचा हिशेब, आणि हिशेब चटईवर तंतोतंत उतरत होता. पंत त्या दिवशी चार घास जास्त जेविले.

लग्नदिवशी मांडव खच्चून भरला. महाराजांनी तंबोरा लाविला, डोळे मिटिले आणि आलाप घेतला, तो उंच गेला आणि खाली येईना. घंगाळात घटिकेची वाटी तरंगत होती, ती भरून बुडाली की मुहूर्त सरला. भटजी वाटीकडे पाहात, अंबूबाई भटजींकडे पाहात, आणि पंत घामाने निथळत. सदोबामामा तेवढे निवांत. महाराजांचे उघडे मुख पाहून ते मनात म्हणत होते की, बिचाऱ्यांस जांभया फार येतात, झोप होत नसावी. आणि वाटी काठापर्यंत आली, आणि भटजींनी अंतरपाट झटकिला, आणि मामा उठले.

पंतांनी श्वास रोखून एकटिंबीकडे पाहिले. फडणीस हलले. फडणिसांनी हात पुढे केला, मामांचे उपरणे धरिले आणि म्हणाले, "अहो, बसा हो. एवढ्यात कुठं निघालात?"

पंतांनी सारे मोजिले होते, परंतु आपल्या राज्यात उठलेल्या माणसास बसा म्हटल्यावाचून कोणास राहवत नाही, हे मोजिलेच नव्हते. चिंचोक्यांस तोंड नव्हते. आता मामा बसणार आणि मथू वर्षभर बसणार, ऐसे त्यांच्या मनात आले आणि डोळे भरून आले.

परंतु मामांस ऐकू कोठे येते? ते उभेच. तेव्हा फडणीस त्यांस बसविण्यास उभे राहिले. फडणिसांसारखा थोर मनुष्य उभा, हे पाहून सेनापती उठले आणि म्हणाले, "आपण कशाला तसदी घेता, बसा, मी बसवतो त्यांना." सेनापती उभे, म्हणून तिघे त्यांस बसा म्हणण्यास उठले, आणि त्या तिघांस बसविण्यास सात उठले. बायकांत सगुणाबाई भावास खुणा करावयास उठल्या, तो अंबूबाई उठून म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही वधूमाय, तुम्ही बसा बघू." ऐसे करिता चारशे माणसे उभी राहून एकमेकांस बसा बसा म्हणू लागली आणि कोणीही बसेना. खुद्द पंत उभे होते, आणि त्यांच्याही तोंडी बसाच होते, हे त्यांस मागाहून कळले.

गलबल्याने महाराजांनी नेत्र उघडिले. पाहतात तो सारी सभा उभी, सर्वांचे ओठ हलताहेत. महाराजांनी सभेस हात जोडिले. ते बोलिले, "माझ्या गाण्यास उठून मान दिलात. आता तुम्ही उभे असता मी बसून कसा गाऊ?" आणि तंबोरा ठेवून आपणही उभे राहिले. गाणे थांबले. भटजींनी तेवढ्यात "सावधान" म्हणून जो सूर लाविला तो महाराजांहून वरचा, आणि मामा मथूस घेऊन आले, आणि अक्षता पडल्या, आणि मग वाटी बुडाली. महाराजांनी तेथेच हुकूम केला की, उभ्याने ऐकण्याची ही रीत फार सुंदर, पुढे आमच्या साऱ्या मैफिली ऐशाच व्हाव्या. सभेने पंतांकडे जे पाहिले ते लिहवत नाही.

दुसरे दिवशी वऱ्हाड निघाले. मथू वाकून नमस्कार करून म्हणाली, "बाबा, येते." आणि पंत, ज्यांनी सारे राज्य उठविण्याचा विचार केला होता, ते म्हणाले, "बस गं. एवढ्यात कुठं." मथू बसली. पुन्हा उठली, पुन्हा पंत म्हणाले, बस. तेव्हा मांडवात एकटीच उभी कशी राहू म्हणून अंबूबाई बसल्या, त्या बसल्या म्हणून व्याही बसले, आणि वऱ्हाड सारे बसले, गाडीवान खाली उतरले, बैल सोडिले, आणि कोणाच्याने उठवेना. ऊन चढले. पंतांस फार बरे वाटत होते.

मग मथूने सर्वांकडे पाहिले, बापाकडे पाहिले, डोळे पुसले आणि कोणाकडेही न पाहता उठली. म्हणाली, "मीच उठते आता. नाहीतर कोणी उठायचं नाही. येते, बाबा." आणि तिच्यामागे सारे उठले.

येणेप्रमाणे लग्न वेळेत लागले, सिंहस्थाचे भय टळले, आणि त्या राज्यातील लोक अद्याप गाणे उभ्याने ऐकतात. पंतांनी संध्याकाळी चटईवर दोन चिंचोके वाढविले. एक कोरा, मथूचा. दुसरा आपला, त्यावर टिंबे देता देता तो सगळा पांढरा जाहला. सगुणाबाईंनी बाकी सारे गोळा करून कोठीत नेले, ते दोन मात्र तेथेच राहू दिले. मजकूर येथे बसला.