वळणाचा रकाना

मृणाल राजमानेचं बाळ सकाळपासून जन्माला येत नव्हतं, कारण घराण्याच्या क्लासमधला, म्हणजे संगणकातल्या साच्यातला, एक अमूर्त गुणधर्म कुणी भरला नव्हता.

सूतिकागृहातल्या कुमुद सिस्टरांनी लॅपटॉप खाटेशी ओढला. "पायथन या संगणकभाषेचा नियम आहे, ताई. वरच्यांनी नुसतं नाव लिहून ठेवायचं, खालच्यांनी ते भरायचं. एक जरी रिकामं राहिलं, तरी मूल तयार होत नाही. आडनाव भरलंय, नाक भरलंय. 'घराण्याचं वळण' कोरं."

"नऊ महिने विचारतेय, वळण म्हणजे नक्की काय," मृणाल कळ सोसत म्हणाली. "नानांनी सांगितलंच नाही."

सासरे नानासाहेब खुर्चीत पाय पसरून बसले होते. सुनेने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, हे त्यांनी सिस्टरांना एव्हाना तीनदा ऐकवलं होतं.

"त्यात सांगायचं काय? 'वडिलांसारखं' लिहायचं. हिच्या नवऱ्याचं तेच आहे. माझंही."

"आणि तुमच्या वडिलांचं?" सिस्टरांनी विचारलं.

"तेच."

सिस्टर एकेक पान उघडत वर गेल्या. पाच पिढ्या 'वडिलांसारखं'. सगळ्यात वर, मूळ पुरुषाच्या पानावर, गुणधर्माचं नुसतं नाव होतं. पुढे काही नाही.

"वर काहीच नाहीये हो, नाना."

"वर नसतंच. वरच्यांनी फक्त मागायचं असतं."

यंत्रावर बाळाचे ठोके एकशेदहावर आले. मग शंभर.

"ताई, भरा काहीतरी," सिस्टर हळूच म्हणाल्या. "काय भरलं ते नियम बघत नाही. भरलं एवढंच बघतो."

"मग लिही की 'वडिलांसारखं'," नाना म्हणाले. "लेकराचा जीव चाललाय आणि हिला शहाणपण सुचतंय."

"पाच पिढ्या कोरं पान पुढे ढकललंत तुम्ही. ते माझ्या लेकराच्या वाटेत येऊन पडलंय."

पण मृणाल घाबरली होती. बोटांनी 'वडि' एवढं लिहिलंही. ठोके नव्वद. तिने ते पुसलं आणि लिहिलं: समोरच्याला तोंडावर खरं सांगणे.

नियमाने ते मान्य केलं. चार मिनिटांत मुलगी झाली.

नानांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "कुणावर गेलीय म्हणायची?"

"तुमच्यावर नाही," मुलगी म्हणाली.

नाना परत खुर्चीत बसले. सिस्टरांनी वजन केलं, दोन किलो आठशे. 'जन्मताच रडले का' या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं: नाही, बोलली.