सशाचे कान आणि तासियोचे हात

तासियो शिंपी कोळशाच्या इस्त्रीने झग्याची चुणी दाबत होता, तेवढ्यात टेबलाखाली ससा आडवा झाला.

वीज सकाळीच गेली होती. एप्रिलात कबानातुआनमध्ये ती जाते, आणि येते तेव्हा उपकार केल्यासारखी येते. बुलाक, म्हणजे तो ससा, तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. नात मारिकित त्याला आठवड्यापुरता आजीआजोबांकडे सोडून गेली होती आणि उद्या न्यायला येणार होती.

"कान ओले कर त्याचे," फोन ठेवत त्याची बायको नेनिंग म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणतायत, सशाची उष्णता कानांतून जाते."

"तापलेल्या अंगाला पाणी? पास्मा होईल. शिरा आखडतील, पाय थरथरतील. आधी जरा निवू दे."

"निवावा म्हणूनच तर पाणी लावायचं."

"माझ्या बापाने इस्त्री केल्या केल्या हात धुतले. ते हात शेवटपर्यंत थरथरत होते."

"तुझा बाप तेव्हा ऐंशीचा होता, तासियो."

पण इस्त्री केली की हा माणूस संध्याकाळपर्यंत हाताला पाण्याचा थेंब लागू देत नसे. तीस वर्षं. दुपारचे मासे खाऊन बोटं फडक्याला पुसायची. गिऱ्हाइकं मापं देताना श्वास रोखून धरत. वाद जिंकेपर्यंत ससा जाईल हे ओळखून नेनिंग बर्फाकडे वळली.

समोरच्या दुकानात बिनिंगने थर्माकोलची पेटी उघडून दाखवली. "बर्फ संपला, नेनिंगताई. गोठवलेल्या आमरसाच्या कांड्या आहेत. देऊ?"

चार कांड्या पंच्यात गुंडाळून सशाला टेकवल्या. ससा जरा सावरला. सावरला म्हणून त्याने कांडी कुरतडली. रस अंगभर झाला आणि पाच मिनिटांत लाल मुंग्यांची रांग लागली.

"धुवायचा का आता?" नेनिंगने विचारलं.

तासियोने तिच्याकडे असं पाहिलं, की ती चप्पल घालून बाहेरच पडली. "मी पलीकडच्या गल्लीतून बर्फ आणते. तू मुंग्या वेच. तेवढ्याने काही होत नाही तुला."

ती परतली तेव्हा इस्त्री तशीच धुमसत होती. तासियो जमिनीवर बसला होता, मांडीवर ससा, शेजारी पाण्याचं घमेलं. इस्त्रीने लाल झालेले दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. तो सशाचे कान पाण्याने पुसत होता. सशाचं नाक हळूहळू हलू लागलं होतं.

"डोळे फिरवले त्याने," मान वर न करता तो म्हणाला. "तू नव्हतीस."

नेनिंगच्या जिभेवर एक झकास वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं. बर्फ सशाजवळ ठेवला, चुलीवर तांदळाचं धुवण कोमट केलं, त्यात मूठभर मीठ टाकलं. पास्म्यावर तिची सासू हेच करायची. वाडगा तिने नवऱ्यापुढे सरकवला.

"घाल हात."

"तुझा तर विश्वास नाही."

"नाहीच. घाल."

त्याने हात बुडवले. थोड्या वेळाने दबक्या आवाजात म्हणाला, "आणि याचं काय? यालाही पास्मा झाला तर?"

"झाला तर झाला," नेनिंग त्याच्या बोटांवर पाणी ओतत म्हणाली. "त्याला कुठे कपडे शिवायचेत."