लिमयांची पेठ

आमच्या वरच्या मजल्यावरचे लिमये दार वाजवतात ते विरजण किंवा पेपर मागायला नाही. ते डोकं मागतात. "वहिनी, एखादं बाईचं डोकं आहे का? केस बांधलेले असले तर बरं," असं त्यांनी माझ्या नव्या सुनेसमोर विचारलं, तेव्हा ती बिचारी आत गेली ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी लेकीच्या जुन्या बाहुल्यांच्या डब्यातून एक डोकं काढून दिलं. लिमयांनी ते उजेडात धरलं, "कपाळ मोठं आहे" म्हणाले आणि आभार न मानता वर गेले.

लिमये आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवत आले. डॉक्टरांकडून साचे यायचे आणि हे घरी मागच्या खोलीत बसून दात लावायचे. शनिवार पेठेतले निम्मे म्हातारे यांच्या दातांनी शेंगदाण्याचा लाडू फोडत. आता ते काम बंद झालंय, पण मेण, प्लॅस्टर, बारीक कानशी आणि हिरड्यांसाठीचा गुलाबी मसाला उरला. त्या सामानावर लिमये पेशवाई उभी करतात. बुधवार पेठेतल्या फुटपाथवरून प्लॅस्टिकचे परदेशी शिपाई, उडणारे वीर, अंतराळवीर, जे मिळेल ते आणायचं, चहाच्या पातेल्यात उकळायचं, मऊ झालं की मान उपटायची आणि त्याचा सरदार करायचा. वीरांच्या छात्या ते घासून सपाट करतात. एवढी छाती घेऊन हा पंगतीत मांडी घालून बसणार कसा, हा त्यांचा मुद्दा. पगड्या त्या गुलाबी मसाल्याच्या. वरून लाल रंग दिला तरी कडेला कुठेतरी हिरडी दिसतेच.

ही सगळी वस्ती काचेच्या एका कपाटात राहते. लिमये तिला 'पेठ' म्हणतात. तिथे सरदार आहेत, सावकार आहेत, तसे कासार, न्हावी, पखालवाला आणि दळण दळणाऱ्या बायकाही आहेत. कोणी पाहुणा फक्त सरदारांचं कौतुक करू लागला की लिमये त्याला चहा विचारत नाहीत.

नवीन माणूस पेठेत शिरायच्या आधी लिमयांचा एकच प्रश्न असतो, "याचं कोण?" उत्तर मिळेपर्यंत तो टेबलावर पडून राहतो. एक घोडेस्वार तर आठवडाभर ताटकळला, कारण त्याला सासुरवाड सुचत नव्हती. माझे यजमान म्हणाले, असू दे की एखादा ब्रह्मचारी. त्यावर लिमये म्हणाले, "संध्याकाळी घरी गेला की त्याला दार कोण उघडणार?" लिमये स्वतः रोज खिशातल्या किल्लीनं कुलूप काढून घरात शिरतात, हे आम्हाला दिसतंच.

दिवाळीत खाली मुलं किल्ला करतात. लिमये तिथे आपली माणसं मांडायला जातात आणि दरवर्षी पालकांशी वाजतं. किल्ल्यावर मावळे शोभतात, हा कासार कशाला, असं एका बापानं विचारलं. लिमये म्हणाले, "सगळेच तलवार उपसून उभे राहिले तर पिठलं कोण टाकणार? तुम्ही?" कासार राहिला.

गेल्या श्रावणात लिमयांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून कपाट पुसायला मी वर गेले. एकेक बाई हातात घेऊन पुसताना मला चमत्कारिक वाटू लागलं. फुलवाली, जात्यापाशी बसलेली, पालखीतून डोकावणारी सरदारीण, सगळ्यांची डावी भुवई जरा वर चढलेली आणि हनुवटी तीच.

मी म्हटलं, "अहो लिमये, तुमच्या पेठेतल्या बायका सगळ्या बहिणी दिसतात."

त्यांनी माझ्या हातातली फुलवाली बोटानं चाचपली. मग म्हणाले, "सगळ्या विमल आहेत. तिला करायला जातो, दरवेळी चुकते. चुकली म्हणून टाकवत नाही हो. मग तिला काहीतरी काम देतो, कोणाचं तरी घर देतो."

विमलताई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मला फार वाईट वाटलं आणि हातातली फुलवाली कुठे ठेवावी ते कळेना.

मग लिमयांनीच सांगितलं. विमलताईंचे दात पुढे होते. लग्न नवं असताना एकदा ती काहीतरी ऐकून खळखळून हसली आणि हे धंद्याच्या सवयीनं म्हणून गेले, तुझे दात नीट बसवून देऊ का? तेव्हापासून यांच्यासमोर हसताना तिनं तोंडावर पदर घेतला तो शेवटपर्यंत. घरातले सगळे फोटो मिटल्या ओठांचे. ते हसणं आता त्यांना नीट आठवत नाही. हातही कापू लागलाय, आणखी किती दिवस ब्रश धरवेल सांगता येत नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमच्यासमोर घ्यायची का हो पदर?"

नाही, असं मी खरं ते सांगितलं. मंडईत वांगी निवडताना भाजीवालीला चिडवून ती अशी हसायची की शेजारचा गाळेवाला वळून बघायचा. वरचे दोन दात कसे दिसायचे, डोळे कसे मिटायचे, सगळं सांगितलं. लिमये लहान मुलासारखे ऐकत होते. शेवटी "म्हणजे हसायची," एवढंच म्हणाले.

दिवाळीत किल्ल्यावर नवी बाई आली. मी दिलेलंच डोकं, कपाळ घासून लहान केलेलं. लिमयांनी तिला बाजारात बसवलं नव्हतं, पायथ्याच्या एका घराच्या उघड्या दारात उभं केलं होतं. हिचं कोण, हे विचारायची गरज नव्हती. लांबूनच मी ओळखलं, विमलताई. जवळ जाऊन वाकले, तर तोंडावर पदर.

मी म्हटलं, "अहो, मी तुम्हाला दात कसे होते ते इतकं सांगितलं ना?"

लिमये पणतीची वात सारत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते तुम्ही पाहिलेत, वहिनी. मला ती एवढीच दिसली."