शून्यावरचा काटा

"आईंबरोबर आत मी बसतो, तू निर्धास्त राहा," असं तो बायकोला म्हणून बसला, आणि तिथेच त्याचं चुकलं.

सासूबाईंच्या पायाची जखम तीन महिने भरत नव्हती. हॉस्पिटलातल्या, हवेचा दाब वाढवणाऱ्या बंद खोलीत प्राणवायू घेऊनही भरली नाही, तर दोन बोटं कापावी लागणार होती. बंद खोलीची धास्ती असूनही बिचाऱ्या कशाबशा तयार झाल्या होत्या. धीर द्यायला जावई होताच! प्रेशर गेजच्या, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यांच्या, स्टोअरमध्ये त्याची बावीस वर्षं गेली होती. (गेजचे नग मोजून देण्यात. काटा वाचणारे लोक वेगळे होते.)

लोखंडी खोली, तिला जोडून दुसरी छोटी खोली, मधलं दार उघडं. हवा सूं सूं करत आत आली, कानांत दडे बसले. दोन खोल्यांमधल्या भिंतीवरचा काटा मात्र शून्यावर ढिम्म.

"आई, घाबरू नका," तो म्हणाला, "पण मशीन बिघडलंय."

"मग माझे कान का दुखतायत?"

"तेच तर! हवा भरतेय आणि मोजायला कुणी नाही!" त्याला दरदरून घाम फुटला. त्याने माइकचं बटण दाबलं. "थांबवा! आपण फुटणार!"

"तो काटा दोन खोल्यांमधला फरक दाखवतो," बाहेरून ऑपरेटरचा शांत आवाज आला. "दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून शून्य. बाहेरच्या हवेपेक्षा तुमच्याकडे दाब दीडने जास्त आहे, ते माझ्या काट्यावर दिसतंय. बाहेरच्या हवेचा एक धरा, एकूण अडीच."

"अडीच!" तो किंचाळला. मघाशी शून्याने घाबरलेल्या माणसाला आता अडीचने घेरलं. "मला बाहेर काढा!"

"आजी, उपचार थांबवू का? मग आजचा दिवस फुकट जाईल."

जावयाचा जीव टांगणीला लागला. आईंनी हो म्हटलं तर त्यांच्या बोटांची, आणि घरी गेल्यावर त्याची धडगत नव्हती.

सासूबाईंनी तोंडावरचा प्राणवायूचा मास्क बाजूला सरकवला. "मला काही झालेलं नाही. एकट्या जावईबापूंना काढता येईल?"

"येईल की. बाजूची खोली त्यासाठीच आहे."

तो छोट्या खोलीत गेला. मधलं दार बंद झालं आणि तिथली हवा हळूहळू सोडली गेली. स्पीकरवर सासूबाईंचा हुरूपाने भरलेला आवाज ऐकू आला.

"अहो ऑपरेटर, काटा हलला! हे गेले आणि मशीन सुरू झालं!"