काल्याच्या कीर्तनातलं विमान

"भागवत, अवंदा फुलं महाराजांवर नाही पडले, तं पुढच्या साली इमान गावात दिसलं नाही पाह्यजे!" सप्ताहाचे प्रमुख उत्तमराव देवळापुढच्या पटांगणात कडाडले.

गेल्या साली काल्याच्या दिवशी भागवतचं रिमोटचं विमान आलं, घिरट्या घातल्या आणि फुलांसकट परत गेलं. विमानाखालच्या फुलांच्या पेटीचं दार उघडलंच नव्हतं. त्यात यंदा बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्लेली. वरवट बकाल गावात कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. काल्याला तरी आभाळातून फुलं पडावीत, एवढीच भागवतची आस होती.

खामगावचा मोटार दुरुस्तीवाला बशीर यानं विमानातली सर्व्हो, म्हणजे रिमोटचा हुकूम ऐकून दार किंवा शेपूट हलवणारी बोटभर मोटर, काढून दाखवली.

"भागवतभाऊ, हिचे ब्रश झिजले. आज सांगतलं का उद्या ऐकते. ही पाहा, बिनब्रशची. घासाले काही नाही, तं झिजाले बी काही नाही. गरम होत नाही, थरथरत नाही. अन् हुकूम मानते फटकन! खटका दाबून धरला का दार बंद, सोडला का उघडं."

"अन् शेपटीची?"

"तसंच. दांडी धरली तवर गिरकी, सोडली का सरळ."

काल्याचं कीर्तन रंगलं. महाराजांचा आवाज असा लागला होता, की म्हाताऱ्यांचे पायही ठेका धरत होते. गळ्यात रिमोट अडकवून भागवतनं विमान वर सोडलं आणि खटका, दांडी धरून ते पटांगणावर फिरवू लागला. तेवढ्यात महाराजांनी विठ्ठलनामाचा गजर केला. साऱ्या गावाचे हात वर गेले. भागवतचेही गेले. गजर झाला की हात जातातच. त्याला कुणी विचार करत नाही.

विमान सरळ सुटलं, दार उघडलं आणि निम्मी फुलं पटांगणाकडेला बांधलेल्या तुळशीरामच्या म्हशीवर पडली.

भागवतनं खटका धरला. दार लगेच बंद.

"बशीरभाई, हे काऊन पळालं?" त्यानं काल्याला आलेल्या, शेजारीच उभ्या बशीरला विचारलं.

"मोटर तं एक नंबर हाय! तुमी हात सोडला काय?"

"मी काऊन सोडू बाप्पा?"

फुलांनी सजलेली म्हैस पाहून लोक हसू लागले. त्यांना आवरायला महाराजांनी पुन्हा गजर केला. पुन्हा हात वर! उरलेली फुलं स्वयंपाकाच्या चुलवणापाशी मोठ्या पळ्यानं वरण ढवळणाऱ्या विमलबाईंवर, म्हणजे उत्तमरावांच्याच कारभारणीवर पडली.

तिसऱ्या खेपेला विमान नेमकं महाराजांच्या डोक्यावर आलं. दार झोकात उघडलं. एक पाकळी पडली.

उत्तमराव तरातरा भागवतकडे निघाले. पण महाराजांनीच विमलबाईंकडे पाहून हात जोडले. "सप्ताहभर धुरात उभं राहून गावाला जेवू घातलं, त्या माउलीचा मान पहिला! कोणाला सुचलं हे?"

भागवतनं तोंड उघडलं.

"मलेच, महाराज," उत्तमराव घाईनं म्हणाले.

विमलबाईंनी केसांतली झेंडूची पाकळी काढली. "तुमाले सुचलं? बरं झालं. सप्ताह सरला, पण माह्या कानावर कीर्तनाचा एक शबद धड पडला नाही. घ्या हा पळा, ढवळा वरण. मी बसतो पुढं जाऊन."

त्या जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. महाराजांनी त्यांच्यासाठी अभंग पुन्हा मुळापासून उचलला.

चुलवणापाशी डोळे चोळत उत्तमरावांनी भागवतला खुणावलं. "पुढच्या साली उडव. पण कोणावर टाकतं, ते आधी मले सांगत जाय."

"भाऊ," भागवत हवालदिल होऊन म्हणाला, "मले माहीत असतं, तं सांगतलं नसतं काय?"