सायमनकाकांचे नऊ महिने

आमच्या गल्लीतले सायमनकाका आवळे आपला वाढदिवस जन्माच्या नऊ महिने आधी साजरा करायचे. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख एक जून. त्यातून नऊ महिने वजा करून ते एक सप्टेंबरला सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून राजगिऱ्याचे लाडू वाटत फिरायचे. "आज आम्ही सुरू झालो," असं म्हणून लाडू हातावर ठेवायचे. आणि गंमत अशी की ती एक जून मुळातच खोटी. गडमुडशिंगीच्या शाळेत ज्या पोराच्या बापाला तारीख सांगता आली नाही, त्याला मास्तरांनी एक जून चिकटवला होता. काकांच्या वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मलेली. म्हणजे ठोकून दिलेल्या तारखेतून काटेकोर नऊ महिने वजा! हे मी त्यांना एकदा सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "पाटील, तारीख खोटी आसंल, पण माणूस त्याच्या आधी आलेला असतोयच की."

मी पाटील. जातीनं जैन, धंद्यानं झेरॉक्सवाला आणि स्वभावानं तापट. शाहूपुरीत माझं दुकान आहे, आणि घर सायमनकाकांच्या घराला लागून. काका एका शाळेत क्लार्क होते. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख जनरल रजिस्टरात लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. अक्षर असं की छापलेलं वाटावं. पण वय मोजायचं ते पोटापासून, हा त्यांचा हट्ट. कुणी बेचाळीस म्हटलं की काका म्हणणार, "पावणेत्रेचाळीस." निवृत्तीच्या नऊ महिने आधी ते मुख्याध्यापकांपुढे जाऊन उभे राहिले, "साहेब, माझी अठ्ठावन्न भरली, मला सोडा." साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि परत टेबलाकडे पाठवून दिलं.

त्यांच्या बायकोचं, मार्थाकाकूचं, तोंड चांगलं चालायचं. "माझ्यापेक्षा चार वर्सानं मोठं हायत म्हणून सांगितलंतं लग्नात. घरी आल्यावर पावणेपाच निघालं," असं ती माझ्या आईला सांगायची. काका आतून ओरडायचे, "तुझं बी नऊ महिने धर की! चारच ऱ्हात्यात."

हा झाला वयाचा नाद. पण खरं वेड वेगळंच होतं. माणसात आत्मा नेमका कधी येतो, हे काकांना कळून घ्यायचं होतं. अंदाजानं नाही, शास्त्राधारे. त्यासाठी त्यांनी फुलस्केप कागदावर आठ प्रश्नांची एक यादी केली होती. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराला जागा, आणि शेवटी उत्तर देणाऱ्याची सही. ही यादी माझ्याच दुकानात झेरॉक्स व्हायची. कोल्हापुरात कुठलाही पाळक किंवा प्रवचनकार आला, की उपासना संपल्यावर काका त्याला दारात गाठून कागद पुढे करायचे.

त्यांनी सगळ्या मतांचे गट पाडले होते. आमच्या जिल्ह्यात गटाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे मलाही ते लगेच समजलं. देवानं मातीचा माणूस केला, त्याच्या नाकात फुंकर मारली, तेव्हा तो जिवंत झाला. म्हणजे पहिला श्वास घेतला की आत्मा. हा फुंकर गट. तुला पोटात घडवायच्या आधीपासून मी तुला ओळखतो, असं देवानं एका संदेष्ट्याला सांगितलं. हा गर्भ गट. आत्मा आईबापाकडूनच येतो, एका दिव्यावर दुसरा लावावा तसा. हा दिवा गट. मग काकांचे उपप्रश्न. दोन पुरुषांच्या मारामारीत पोटुशी बाईला धक्का लागून मूल पडलं, तर जुन्या नियमशास्त्रात दंड सांगितलाय, आणि बाईला काही झालं तर जिवाला जीव. मग पोटातल्याला वेगळा न्याय का? पोटात एकाचे दोन होऊन जुळं झालं, तर आत्मा अर्धा अर्धा वाटून घेतात की दुसरा नवा येतो?

एकदा बाहेरगावचे मोठे प्रवचनकार आले होते. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "बंधू, यावर आधी प्रार्थना करू या." दोघांनी डोळे मिटले. काका प्रामाणिक माणूस, आमेन ऐकू येईपर्यंत डोळे उघडणार नाही. बऱ्याच वेळानं उघडले तेव्हा प्रवचनकारांची गाडी कागलच्या पुढं गेली होती.

ज्यांनी उत्तरं दिली, त्यांनी मात्र छातीठोक दिली. सगळी उत्तरं काकांच्या बॉक्सफाइलमध्ये. मी विचारायचो, "काका, निकाल काय? कोण पुढं हाय?"

"सध्या गर्भ गट."

"आणि तुम्ही कुठल्या गटाचे?"

"आमचं ठरत न्हाय बगा. सकाळी एका गटात असतोय, संध्याकाळी दुसऱ्या."

मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना हे रंगवून सांगायचो. माझी आई एक दिवस त्यांना म्हणाली, "आवो, आमच्यात बटाट्यात बी जीव असतोय म्हणून आम्ही खात न्हाय, आणि तुमचं अजून माणसाचंच ठरंना?" काका हसले नाहीत. "आक्का, जीव वेगळा, आत्मा वेगळा," म्हणाले आणि निघून गेले. आम्ही मायलेकरं मात्र पोट धरून हसलो. आज ते हसणं आठवलं की मला माझी लाज वाटते.

झेरॉक्सच्या धंद्यात एक गोष्ट रोज घडते. माणसं प्रती घेऊन जातात आणि मूळ कागद मशीनच्या झाकणाखाली विसरतात. एका दुपारी काका काहीतरी झेरॉक्स करून गेले. स्वतःच्या हातानं केली, मला कागद दाखवलाही नाही. पुढच्या गिऱ्हाइकासाठी मी झाकण उचललं, तर खाली घडीवर फाटत आलेला पिवळा कागद. एका दवाखान्याचं संमतीपत्र. पत्नी मार्था हिच्या जिवाला धोका असल्यानं गर्भपात करण्यास माझी संमती आहे. गर्भ वीस आठवड्यांचा. खाली छापल्यासारख्या अक्षरात सही, सायमन आवळे. तिच्याखाली थरथरती दुसरी सही. कागद तीस वर्षांहून जुना होता.

तेवढ्यात काका धापा टाकत परत आले. माझ्या हातातला कागद बघून काउंटरपाशीच थांबले. मी गिऱ्हाइकाला घालवलं आणि त्यांना स्टूल दिलं.

"शाई उडाय लागल्या," ते म्हणाले. "म्हणून कॉपी काढून ठेवली."

मग त्यांनीच सांगितलं. मार्थाकाकूच्या काळजाची झडप बारीक होती. पाचव्या महिन्यात तिला धाप लागून झोपताही येईना. डॉक्टर म्हणाले, हे पुढं नेलं तर दोघंही जातील. "ती न्हाय म्हणत हुती. बघू काय हुतंय ते, म्हणत हुती. मी आधी सही केली. माझी सही बघून मग तिनं केली."

मी विचारलं, "काकूचा जीव वाचवला तुम्ही. त्यात काय चुकलं?"

"ते तुम्ही म्हणताय. ती म्हणत न्हाय."

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एवढासा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. घेण्याआधी माणसानं आपलं मन तपासायचं असतं. मार्थाकाकूनं त्या दिवसापासून ते घेतलं नव्हतं. भाकरीचं ताट निघालं की उठून बाहेर जायची. लोकांना वाटायचं, म्हातारीला गर्दीत गुदमरतं.

"म्हणून हिंडतोय मी, पाटील. तिला शास्त्रातनं दाखवून द्यायचंय. घरी जाऊन सांगितलं, पहिल्या श्वासाला आत्मा येतोय, तुझ्यावर काय पाप न्हाय. तर म्हणत्या, मग त्यात कोण नव्हतंच म्हणा की, तिकडं मला भेटणार कोण? बरं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, पोटातच असतोय आत्मा, आपलं लेकरू तिकडं हाय. तर म्हणत्या, मग मीच मारलं की त्याला. कुठल्याबी दारानं गेलं तरी ती रडत्याच. तिसरं काहीतरी लिहिलेलं आसंल ना कुठंतरी?"

मी त्या दिवसापासून त्यांच्या कागदांचे पैसे घेणं बंद केलं, आणि गिऱ्हाइकांना किस्से सांगणंही.

गेल्या वर्षी मार्थाकाकूचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. एका रविवारी उपासना आटोपून तरुण पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. नुकतेच कोल्हापुरात आलेले, पोरसवदा, हातात लहानशी पेटी. मी काकूला उठवून बसवायला गेलो होतो. पाठीशी उशा लावल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली आणि तुकडा पुढं केला. ते आता परत पेटीत ठेवतील, असंच आम्ही धरून चाललो होतो.

काकूनं हात पुढं केला.

मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाळलेला, निळ्या शिरांचा हात, तळवा वर. तीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्या चेहऱ्यावर कुठलाही प्रश्न नव्हता. दमलेलं माणूस पाणी मागतं तसा तिनं तो हात केला होता.

आणि काका म्हणाले, "पाळकसाहेब, एक मिनिट."

त्यांनी कॉटखालची बॉक्सफाइल ओढली आणि आठ प्रश्नांचा कागद काढला. "हिच्या मनात शंका ऱ्हायला नको. आधी हे ठरू द्या, मग घेऊ दे." त्यांना ते तिच्यासाठी नीट, पक्कं, कायमचं करून द्यायचं होतं. क्लार्क माणूस. रकाना मोकळा ठेवून त्यांनी जन्मात कधी पान उलटलं नव्हतं. मी डोळ्यांनी त्यांना गप्प बसा म्हणून खुणावत होतो, पण ते कागदात बघत होते.

पाळकसाहेब बिचारे नवे. वडीलधाऱ्या माणसानं प्रश्न विचारलाय, उत्तर द्यायला पाहिजे म्हणून त्यांनी तुकडा ताटलीत ठेवला आणि बोलायला लागले. फुंकर झाली, गर्भ झाला, मग दिवा. चांगलं बोलले. पाऊण तास बोलले. काका मान डोलवत टिपून घेत होते. काकूचा हात थोडा वेळ पांघरुणावर तसाच उघडा पडला होता. मग तो आत गेला.

पाळकसाहेबांनी पुन्हा ताटली उचलली तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आता नगं. जीव दमलाय."

पुढच्या शुक्रवारी परत येतो म्हणून पाळकसाहेब गेले. काकू गुरुवारी सकाळी गेली.

माती झाली, माणसं पांगली. काका रडले नाहीत. आल्यागेल्याला एवढंच सांगत राहिले, "तिनं हात केलता पुढं." मी त्यांच्यावर चिडलो होतो, हे लपवत नाही. एका कागदापायी त्या बाईचा तेवढा एक घास गेला, असं मला रोज वाटायचं. पण ते स्वतःच ते इतक्या वेळा म्हणत होते की मला म्हणायला काही उरलंच नव्हतं. बॉक्सफाइल त्यांनी रद्दीत घातली. नवा प्रवचनकार आला तरी ते घरातून हलत नव्हते.

मागच्या महिन्यात ते दुकानात आले. भर दुपारची वेळ, लाईट गेलेली, मशीन बंद, मी एकटाच वारा घेत बसलो होतो. काका स्टुलावर बसले. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही.

"पाटील, माझं ठरलं."

"काय ठरलं?"

"आत्मा पोटातच असतोय. पहिल्या दिवसापासनं."

"कुठं सापडलं?"

"कुठं न्हाय. आता शोधत बी न्हाय." त्यांनी काउंटरवरचे कागद एका रेषेत लावले. "असं धरलं की मी खुनी ठरतोय. ठरू दे. पयली सही माझीच हाय. मला तिकडं आत घेतलं न्हाय तरी चालंल. पण ती एकटी गेल्या ओ. तिला एकटीला झोप लागत न्हाय. तिच्याजवळ कोणतरी पायजे."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी मी असलं काही करत नाही. त्यांचं अंग हलकं झालं होतं, हाडं हाताला लागत होती.

"हजारो पोरांची नावं लिवली मी," ते म्हणाले. "ह्याला ठेवलंच न्हाय. पोरगा हुता का पोरगी, ते बी इचारलं न्हाय आम्ही. आता तिकडं ती त्याला काय म्हणून हाक मारत आसंल?"